‘पार्टी’ वाचताना आधी मेजवानी विसरा

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताय आणि तिच्यात ‘पार्टी’ हा शब्द सारखा आडवा येतोय. कधी तो डोंगरात हरवलेल्यांना शोधायला निघतो, कधी करारनाम्यावर सही करतो, कधी दोन घरांमधली भिंत होतो. एका पात्राच्या तोंडी तर ‘पार्टीत यायला तुला जरा उशीरच झाला’ असं वाक्य आहे आणि ते कोणत्या अर्थाने घ्यावं हे कळत नाही. शब्दकोशात अर्थांची रांग दिलीय, पण निवड कशी करायची ते तिथे लिहिलेलं नाही. शिवाय सगळीकडे सरळ ‘पार्टी’च ठेवलं तर काय बिघडतं, असंही तुम्ही विचारलंय.

बिघडतं. माझंच बिघडलं होतं, म्हणून सांगतो. मी मुख्यतः कायद्याच्या आणि विम्याच्या कागदांचे अनुवाद करतो, अधूनमधून ललित. धंद्याच्या सुरुवातीला विम्याच्या एका दाव्यात ‘इंजर्ड पार्टी’ आला आणि मी बेधडक ‘जखमी पक्ष’ लिहून मोकळा झालो. दावा जळालेल्या गोदामाचा होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. कागद वाचणाऱ्याने फोन करून एवढंच विचारलं, ‘साहेब, जखमी कोण झालं?’ इथे ‘इंजर्ड’ म्हणजे ज्याचं नुकसान झालं तो, आणि ‘पार्टी’ म्हणजे त्या व्यवहारातली एक बाजू. ‘नुकसान झालेला पक्ष’ एवढं साधं लिहायचं होतं.

त्यानंतर मी ह्या शब्दाचं मूळ नीट पाहिलं आणि गोष्टी सुटत गेल्या. लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग, वाटा. त्यावरून वाटणी करणे ह्या अर्थाचं क्रियापद आलं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘पार्तीर’ झालं आणि ‘पार्ती’ म्हणजे वाटून वेगळा काढलेला भाग. इंग्रजीत हा शब्द 1300 च्या सुमाराला शिरला तो भाग, बाजू ह्याच अर्थाने. मौजमजेसाठी जमलेली मंडळी हा अर्थ रूढ व्हायला अठरावं शतक उजाडावं लागलं, म्हणजे मध्ये चारशे वर्षं गेली. आपल्या कानावर मात्र हा शब्द लहानपणी पडतो तो मौजमजेच्या अर्थाने. त्यामुळे घरात सगळ्यात शेवटी जन्मलेल्या पोराला आपण थोरला समजून बसतो आणि बाकीचे अर्थ त्याच्यावरून लावायला जातो. ते लागत नाहीत, कारण जमणे हा ह्या शब्दाचा मूळ भाव नाहीच. मूळ भाव वेगळं निघण्याचा आहे. ढालींवरच्या कुलचिन्हांची इंग्रजीत एक स्वतंत्र परिभाषा आहे. तिच्यात ढाल ‘पार्टी’ आहे असं म्हटलं, तर ती दोन रंगांत दुभागलेली आहे एवढाच अर्थ होतो.

म्हणून हा शब्द दिसला की मी स्वतःला आधी एकच प्रश्न विचारतो: इथे कोण कुणापासून वेगळं काढलंय? उत्तर मिळालं की मराठी शब्द बहुधा आपोआप पुढे येतो.

त्यात मराठीवाल्यांना एक आयती सोय आहे. आपला ‘पक्ष’ जवळजवळ त्याच वाटेने गेलाय. संस्कृतात पक्ष म्हणजे पंख, मग कूस, मग बाजू. महिन्याच्या दोन बाजू ते शुक्ल आणि कृष्ण पक्ष, वादाची मांडणी ते पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, लग्नातल्या दोन बाजू ते वधूपक्ष आणि वरपक्ष, आणि निवडणूक लढवतो तोही पक्षच. लॅटिन वाट्यापासून निघालं, संस्कृत पंखापासून, आणि दोघंही बाजूपाशी येऊन थांबली. पुढे पाहा. ‘पार्शल’ म्हणजे एका भागाकडे झुकलेला, आपल्याकडे पक्षपाती. ‘इम्पार्शल’ म्हणजे निःपक्षपाती. न्यायालयातलं ‘एक्स पार्टे’ म्हणजे शब्दशः एका बाजूने, आणि आपण म्हणतो एकतर्फी. ह्यातला ‘तर्फ’ अरबीतून आलेला, त्याचाही अर्थ बाजूच. इतक्या दूरच्या भाषांनी एकाच कल्पनेसाठी एकाच जागी हात घालावा, ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं. (‘पार्शल’चा दुसरा अर्थ अपुरा, अंशतः. ‘पार्शल पेमेंट’ला पक्षपाती भरणा म्हटलेलंही मी वाचलंय.)

आता कायद्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त खड्डे तिथे आहेत.

करारातली ‘पार्टी’ म्हणजे माणूस नव्हे, बाजू. तीन भावांनी मिळून एक जमीन विकली तर विकणारी ‘पार्टी’ एकच, माणसं तीन. घेणारी कंपनी असेल तर तीही एक ‘पार्टी’. आपल्या जुन्या दस्तऐवजांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे शब्द असतात. ते ह्या कल्पनेशी इतके चपखल बसतात की ‘पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट’सारख्या बोजड शब्दांसमोर ते आलेले पाहून मला दर वेळी बरं वाटतं. कादंबरीत एखादा जुनाट वकील बोलत असेल तर त्याच्या तोंडी हेच घाला, ‘प्रथम भागाचा पक्ष’ घालू नका.

दाव्यातल्या ‘पार्टी’ला पक्षकार म्हणतात. वादी आणि प्रतिवादी दोघेही पक्षकार. इथे एक मेख आहे. वकील मंडळी ‘माझे पक्षकार’ म्हणतात तेव्हा त्यांना त्यांचे अशील अभिप्रेत असतात. म्हणजे इंग्रजीतले ‘पार्टी’ आणि ‘क्लायंट’ हे दोन वेगळे शब्द मराठीत येऊन एकाच शब्दावर बसतात. एकाच पानावर दोन्ही आले तर मी ‘क्लायंट’ला अशील आणि ‘पार्टी’ला पक्षकार असं ठरवून टाकतो आणि शेवटच्या पानापर्यंत ते मोडत नाही. दुसरी मेख: ‘बोथ पार्टीज’ला ‘उभय पक्ष’ ठीक आहे, पण करार त्रिपक्षीय असला तरी सवयीने ‘उभयपक्षी मान्य’ लिहिणारे खूप आहेत. उभय म्हणजे दोघं, तिसऱ्याचं काय करणार?

आणि तो प्रसिद्ध ‘थर्ड पार्टी’. ह्याला मराठीत दोन शब्द आहेत, त्रयस्थ आणि तिऱ्हाईत. दोन्हींत तीन आहेत, पण चव वेगळी. ‘त्रयस्थ’ला तटस्थपणाचा वास आहे; त्रयस्थ नजरेने पाहणे म्हणजे कुणाची बाजू न घेता पाहणे. विम्यात पहिली बाजू विमा घेणाऱ्याची, दुसरी कंपनीची, आणि तिसरा म्हणजे ज्याला गाडीची धडक बसली तो. तो बिचारा कसला तटस्थ? त्याला भरपाई हवी आहे. तिथे अर्थाने ‘तिऱ्हाईत’ जास्त खरा, म्हणजे व्यवहाराच्या बाहेरचा. पण छापील कागदांत ‘त्रयस्थ पक्ष’ रुळलाय, म्हणून तिथे तो चालवून घ्यावा लागतो. कादंबरीत तशी सक्ती नाही. नवराबायकोच्या भांडणात ‘थर्ड पार्टी’ आला तर तो तिऱ्हाईतच. संगणकातल्या ‘थर्ड पार्टी ॲप’चंही गणित हेच आहे: एक वापरणारे तुम्ही, दुसरा मूळ बनवणारा, आणि हे ह्या दोघांच्या बाहेरच्या कुणीतरी केलेलं.

‘टू बी अ पार्टी टू’ असा प्रयोग दिसला की थांबा. ‘ही वॉज नो पार्टी टू द स्कीम’ ह्याचा मेजवानीशी किंवा पक्षाशी काही संबंध नाही. त्या कारस्थानात तो सामील नव्हता, इतकंच. पापाचे वाटेकरी होणे हा आपला वाक्प्रचार इथे अगदी सख्खा लागतो, कारण त्यातही वाटाच आहे. तुमच्या कादंबरीत एखादी बहीण भावाच्या लबाडीबद्दल असं बोलत असेल, तर ‘मला ह्यात वाटेकरी करू नकोस’ असं तिच्या तोंडी शोभेल. ‘इंटरेस्टेड पार्टी’ म्हणजे उत्सुक माणूस नव्हे, ज्याचा हितसंबंध गुंतलाय तो. निदान कायद्याच्या कागदात. घर विकायची जाहिरात असेल तर मात्र उत्सुकच.

बातम्यांमध्ये हवामानाच्या जागतिक परिषदेचं नाव येतं, ‘कॉन्फरन्स ऑफ द पार्टीज’. ह्याचं ‘पक्षांची परिषद’ केलं की वाचणाऱ्याला राजकीय पक्ष आठवणार. 1992 च्या हवामानविषयक कराराशी ज्यांनी स्वतःला बांधून घेतलं ते इथले ‘पार्टीज’, म्हणून पक्षकार देशांची परिषद म्हणावं. तेही शंभर टक्के बरोबर नाही, कारण त्यांत देश नसलेला युरोपीय संघही एक पक्षकार आहे. पहिली परिषद 1995 मध्ये बर्लिनला झाली, आणि 2015 ची पॅरिसची एकविसावी.

दुसरं मोठं कुटुंब मोहिमांचं आणि सैन्याचं. मोठ्या समूहातून एका कामापुरती वेगळी काढलेली माणसं म्हणजे ‘पार्टी’. सर्च पार्टी, रेस्क्यू पार्टी, रेडिंग पार्टी, लँडिंग पार्टी. ह्या सगळ्यांना मराठीत ‘तुकडी’ असताना लोक ‘गट’ का लिहितात, मला कळत नाही. तुकडी म्हणजे मोडून काढलेला तुकडा. इतका नेमका जोड क्वचित मिळतो. पोलिसांच्या किंवा बचावाच्या संदर्भात ‘पथक’ही चांगला. ‘टोळी’ मात्र जपून वापरा, तिला लुटारूंचा वास आहे. हल्ला करणाऱ्या ‘रेडिंग पार्टी’ला ती चालेल, हरवलेल्यांना शोधणाऱ्यांना नाही.

1910 ते 1913 ची ब्रिटिश नौदल अधिकारी स्कॉटची दक्षिण ध्रुवावरची मोहीम ह्या अर्थाचा उत्तम धडा आहे. 17 जानेवारी 1912 ला ध्रुवावर पोचलेली पाच माणसं म्हणजे ‘पोलर पार्टी’. त्यांना ठरावीक टप्प्यापर्यंत साथ देऊन जानेवारीच्या सुरुवातीला मागे फिरलेली तीन माणसं म्हणजे ‘लास्ट सपोर्टिंग पार्टी’. हे शब्द संदर्भाशिवाय हाती आले तर ‘शेवटचा पाठिंबा देणारा पक्ष’ असा अनुवाद होऊन एखादं सरकार पडायचं. ते आहे ‘मदतीची शेवटची तुकडी’. ‘डोनर पार्टी’चा किस्सा आणखी भीषण. पश्चिमेकडे निघालेल्या अमेरिकी स्थलांतरितांचा एक तांडा 1846 च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या बर्फात अडकला. डोनर हे त्यातल्या कुटुंबांचं आडनाव. उपासमार इतकी झाली की काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. इथे कुणी ‘पार्टी’चं मेजवानी केलं, तर ती चूक उरत नाही, क्रूर विनोद होतो. गाड्या, बैल, बायकापोरं घेऊन निघालेल्यांसाठी ‘तांडा’ हा शब्द आपल्याकडे आहेच.

‘फायरिंग पार्टी’कडे विशेष लक्ष द्या. सैनिकी अंत्यविधीत बंदुकांची सलामी देणारी तुकडी ती, आणि मृत्युदंडाच्या कैद्यावर गोळ्या झाडणारीही तीच. आजूबाजूला शवपेटी आहे की भिंतीला उभा केलेला माणूस, ते बघूनच लिहा. ‘वर्किंग पार्टी’ही तसाच: फौजेत अंगमेहनतीला जुंपलेले जवान, आणि ब्रिटिश सरकारी कागदात एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करणारा कार्यगट.

राजकीय अर्थाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. एकच गोष्ट, तुमची कादंबरी जुन्या काळातली असेल तर उपयोगी पडेल. सतराव्या-अठराव्या शतकात ‘पार्टी’ हा राजकारणात चांगला शब्द नव्हता. त्यात फूट पाडणाऱ्यांचा गट, कंपू असा भाव होता. जॉर्ज वॉशिंग्टनने 1796 च्या निरोपाच्या संदेशात ‘स्पिरिट ऑफ पार्टी’पासून सावध राहायला सांगितलं, तिथे ‘पक्षभावना’ फार सौम्य पडेल. ‘पक्षाभिनिवेश’ हवा. ‘पार्टी लाइन’ म्हणजे पक्षाची अधिकृत भूमिका. पण जुन्या कादंबरीत दूरध्वनी असेल तर आधी तपासा. अनेक घरांनी मिळून वापरायच्या एकाच तारेलाही ‘पार्टी लाइन’ म्हणायचे. शेजारीण रिसीव्हर उचलून सगळं ऐकायची, आणि त्यावर रहस्यकथांची कथानकं उभी राहिली. तुमची ‘पार्टी वॉल’ ह्याच घराण्यातली: दोन मालकांच्या हद्दी वेगळ्या करणारी आणि म्हणून दोघांची, सामाईक भिंत. तिच्यावरून इतकी भांडणं होतात की इंग्लंड आणि वेल्ससाठी 1996 मध्ये खास कायदा झाला.

आता मेजवानीकडे. वेगळं निघण्यातून एकत्र जमणं कसं आलं? मला वाटतं दुवा असा: काही माणसं इतरांपासून बाजूला होऊन मौजेखातर एकत्र निघाली, ती ‘पार्टी ऑफ प्लेझर’. आधी शब्द माणसांचा होता, मग त्यांच्या एकत्र असण्याचा झाला, शेवटी त्या प्रसंगाचा. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ह्या कादंबरीत बिंगली हा श्रीमंत तरुण नृत्यसभेला येतो तेव्हा लेखिका म्हणते की ‘पार्टी’ दालनात शिरली तेव्हा तिच्यात पाचच जण होते. बघा, पार्टी तिथे चालत येते! प्रसंगाचं नाव वेगळं आहे, ‘पार्टी’ म्हणजे आलेली मंडळी. एकोणिसाव्या शतकातलं काहीही अनुवादित करताना हा अर्थ आधी तपासावा. ह्या ‘मंडळी’साठी आपल्याकडे मंडळी हाच शब्द आहे, आणि ‘बिंगलीकडची मंडळी’ म्हटलं की काम झालं. उपाहारगृहातली ‘पार्टी ऑफ फोर’ ही त्याच अर्थाची नात, ‘आम्ही चौघं आहोत’.

‘बोस्टन टी पार्टी’ मात्र तशीच ठेवा. 16 डिसेंबर 1773 ला ब्रिटिशांच्या निषेधार्थ चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, तेव्हा तिला कुणी पार्टी म्हणत नव्हतं. चहाचा नाश असाच उल्लेख व्हायचा. हे खोडकर नाव पुढच्या शतकात पडलं. 2009 मध्ये अमेरिकेत उभ्या राहिलेल्या ‘टी पार्टी’ चळवळीने हेच नाव घेतलं आणि वाचणाऱ्यांची आणखी फसगत केली, कारण ती चळवळ होती, नोंदलेला पक्ष नव्हे.

वाक्यातली शेजारची माणसं बघण्याची सवय लावून घ्या, अर्थ तीच सांगतात. मागे ‘थ्रो’, ‘होस्ट’, ‘अटेंड’ असेल तर समारंभ. पुढे ‘ऑफ’ आणि आकडा असेल तर मंडळी. पुढे ‘टू’ आणि करार किंवा कट असेल तर सामील असणं. मागे ‘बिटवीन’ असेल तर पक्ष. ‘जॉइन’ हे क्रियापद मात्र दगाबाज आहे, ते समारंभ, मंडळी आणि राजकीय पक्ष अशा तिन्हीकडे चालतं. आणि एक अडचण शेजाऱ्यांनीही सुटत नाही, ती लिपीची. करारात मोठ्या अक्षराने सुरू होणारी ‘पार्टी’ म्हणजे व्याख्येत बांधलेली विशिष्ट बाजू, लहान अक्षराने सुरू होणारी म्हणजे कुणीही. एकपक्षीय राजवटींवरच्या कादंबऱ्यांतही मोठ्या अक्षरातला एकमेव पक्ष असतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. करारात मी ‘सदर पक्ष’ असं बांधून घेतो. कादंबरीत काही न जोडता नुसतं ‘पक्ष’ लिहितो, दुसरा पक्षच नाही हे त्यातूनच कळतं.

जर्मन भाषेने हा गुंता शब्द वाटून सोडवलाय: राजकीय आणि न्यायालयीन बाजूला ‘पार्टाय’, बुद्धिबळाच्या डावाला फ्रेंचवरून आलेला ‘पार्टी’, आणि नाचगाण्याला इंग्रजीतून उसना घेतलेला ‘पार्टी’. शेवटच्या दोहोंत फरक मुख्यतः आघाताचा आणि लिहिण्याचा. स्पॅनिशमध्ये ‘पार्तिदो’ म्हणजे राजकीय पक्षही आणि फुटबॉलचा सामनाही.

सगळीकडे ‘पार्टी’च ठेवण्याबद्दल: मराठीतली ‘पार्टी’ इंग्रजीतल्या ‘पार्टी’ची जुळी बहीण नाही. ‘पार्टी दे’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘ट्रीट’ हवी असते. आणि दलाल ‘पार्टीशी बोलून सांगतो’ म्हणतो तेव्हा शिकलेले लोक नाक मुरडतात, पण त्याची ‘पार्टी’ इंग्रजीतल्या करारातली, मौजेच्या अर्थाहून कितीतरी जुनी आहे. तुमच्या कादंबरीत दलाल असेल तर त्याला खुशाल ‘समोरची पार्टी’ म्हणू द्या.

राहिलं ते वाक्य, ‘पार्टीत यायला तुला जरा उशीरच झाला’. इंग्रजीत ‘लेट टू द पार्टी’ हा वाक्प्रचारही आहे. इतरांना जे आधीच कळलं ते ह्याला आत्ता कळतंय, असा त्याचा टोमणा. पण तुम्ही लिहिलंय की बोलणारा माणूस पहाडातल्या शोधमोहिमेचा म्होरक्या आहे आणि ऐकणारा नुकताच वर चढून आलाय. म्हणजे लेखकाने दोन्ही अर्थ मुद्दाम एका वाक्यात बसवलेत: तुकडीत उशिरा आलास, आणि गोष्ट उशिरा कळली. हरवलेला माणूस आधीच सापडलाय हे म्होरक्याला ठाऊक आहे ना? मग ‘तुकडी’ आणि टोमणा दोन्ही धरायचा हट्ट सोडा. मी असतो तर त्याच्या तोंडी ‘आलास? वरात गेल्यावर?’ एवढंच घातलं असतं.